ओट्यावरचा दिवा

मागच्या मे महिन्यात आम्ही सगळेच्या सगळे, म्हातारा-म्हातारी, पोरगा, सून अन् दोन नातवंडं, सहा दिवस कोकणात जाऊन आलो. निघायच्या आधी दोन दिवस घरात दुसरा विषयच नव्हता. कपाटाची किल्ली कुठं, गॅस बंद केला का, ओट्यावरचा लाईट चालू ठेवायचा का. सुनेनं पोरांना दम दिला, "परत येईपर्यंत मोबाईलवर एक बी फोटो टाकायचा नाही. घर रिकामं हाये हे गावाला कशाला सांगायचं?" शहाणी आहे पोर. गाडीत बसल्यावर माझ्या ध्यानात आलं, माझ्या आयुष्यात आमचं घर पहिल्यांदाच पुरतं बंद झालं होतं.

आमच्या लहानपणी फर्दापुरात घर रिकामं टाकून जायची रीतच नव्हती. लग्न असो की पंढरपूर, एक म्हातारं माणूस मागं राहायचंच. गुरं असायची, त्यांना कोण पाहणार? दाराला आतून अडसर, बाहेरून कडी, बस. वडिलांनी पहिलं अलिगडी कुलूप आणलं ते 1972 च्या दुष्काळात. तेव्हा घरातले सगळेच खडी फोडायला जायचे. घरात चोरण्यासारखं काय, तर कामावर मिळालेली सुकडी!

त्याआधीच्या काळात गावाची राखण कुलपावर नव्हती, माणसावर होती. जुन्या गावगाड्यात जागल्या असायचा. आमच्या अजिंठ्याच्या डोंगरात अन् खानदेशात हे काम बहुतेक भिल्लांकडं. रात्री गस्त घालायची, परका माणूस दिसला तर पाटलाच्या कानावर घालायचं, अन् चोरी झालीच तर पावलांचा माग काढायचा. माग शिवेवर पोचला की पलीकडच्या गावच्या जागल्यानं तो पुढं न्यायचा. ज्या गावात माग हरवला त्या गावावर भरपाई. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टन साहेबानं लिहिलेल्या अहवालात ही रीत आलेली आहे.

आजच्या विम्यापेक्षा हे बरं होतं, असं म्हणणारे लोक मला भेटतात. मला तसं वाटत नाही. जो रातभर दुसऱ्याच्या दारावर नजर ठेवायचा त्याच्या स्वतःच्या झोपडीला तट्टी होती, दार नव्हतं. अन् माग लागला नाही की पहिला संशय त्याच्यावरच. इंग्रजांनी आधी याच डोंगरातल्या भिल्लांचा पाठलाग केला, अन् मग 1825 साली औट्रम साहेबानं त्यांचीच पलटण उभी केली. राखणदार अन् चोर ही दोन नावं एकाच माणसाला कशी चिकटली, हे कुणीतरी नीट लिहायला पाहिजे.

गावात मोगलांच्या काळातली सराई आहे, लेणी पाहायला आलात तर बघा. घर सोडून निघालेल्या माणसाच्या सामानाची राखण तिथं व्हायची. मनुची नावाचा इटालियन प्रवासी त्या काळात हिंदुस्थानात होता. त्यानं सरायांची रीत लिहून ठेवली आहे. संध्याकाळी दरवाजे बंद. सकाळी उघडायच्या आधी राखणदार तीनदा ओरडणार, आपापलं सामान पाहून घ्या. कुणाचं काही कमी भरलं तर ते सापडेपर्यंत दरवाजा उघडायचा नाही.

पण आमच्या घरातली खरी गोष्ट 1948 ची आहे. आमचं गाव निजामाच्या हद्दीत. दोन-तीन कोसांवर वाकोड, तोंडापूर खानदेशात. 15 ऑगस्ट 1947 ला तिकडं झेंडा लागला, इकडं नाही. रझाकारांच्या भीतीनं सरहद्दीवरची कितीतरी घरं पलीकडं गेली. माझा आजाही एका रात्री बैलगाडी जुंपून निघाला. तांब्या-पितळेची भांडी विहिरीत सोडली. ज्वारी पेवात घालून तोंड शेणामातीनं लिंपलं, वर उकिरडा पसरला. म्हैस काही विहिरीत टाकता येत नाही. ती शेजारच्या पिंजाऱ्याच्या दावणीला बांधली. पिंजारी म्हणाला, "भाऊ, तुम जाव. दिवा मैं लगाता." अन् रोज दिवेलागणीला तो आमच्या ओट्यावर दिवा लावायचा, घरात माणूस आहे असं वाटावं म्हणून.

17 सप्टेंबरला निजाम शरण आला. पोलीस ॲक्शन झालं. आजा परत आला तर घर जसंच्या तसं. पेवात मात्र पावसाचं पाणी शिरलं होतं, ज्वारी काळी पडली. त्यावरून आजी मरेपर्यंत आज्याला बोलत होती.

पुढं वारं उलटं फिरलं. रझाकारांचा राग मराठवाड्यात ठिकठिकाणी साध्या मुसलमानांवर निघाला, घरं लुटली गेली. चौकशीला दिल्लीहून पंडित सुंदरलाल यांची समिती आली होती. आमचा पिंजारी बायकापोरं घेऊन पाहुण्यांकडं गेला. आता दिवा लावायची पाळी आज्याची. दिवा लावून तो त्यांच्याच ओट्यावर घोंगडी टाकायचा. चौथ्या रात्री चार-पाच जण आले. त्यात आमच्या भावकीतला एक होता. आजा उठून बसला, कुऱ्हाड मांडीवर घेतली. कुणीच काही बोललं नाही. थोडा वेळ उभे राहिले अन् गेले. हे मला आजीनं सांगितलं. आजा या गोष्टीवर कधीच बोलला नाही, अन् त्या भावकीतल्या माणसाच्या घरी जेवायलाही कधी गेला नाही. पिंजाऱ्याचं कुटुंब दीड महिन्यानं परत आलं.

कोकणात निघताना किल्ली त्याच घरी दिली. आता तिथं त्याचा नातू आहे, मोटारपंप दुरुस्त करतो. तिसऱ्या दिवशी आम्ही गणपतीपुळ्याला होतो तर त्याचा फोन आला.

"काका, वावधानानं पत्र्याचा कोपरा उचकटला व्हता. दोन दगडं ठेवलेत. अन् कालपासून लाईट नाही, तुमचा कॅमेरा बंद पडलाय. मी झोपतो ओट्यावर. येताना आंबे आणा."