प्रखर दिवा आणि कोवळे पान

खिडकीपासून दूर फडताळावर वाढवलेली रोपे उंच, किरकोळ आणि फिकट होतात. म्हणून आपण त्यांच्यासाठी प्रखर एलईडी दिवा आणतो. पण दोन-तीन दिवसांत पानांच्या कडा वळतात, पांढरट डाग पडतात आणि दोष खताला किंवा मातीला दिला जातो. खरे कारण काय असावे? त्याचे उत्तर टप्प्याटप्प्याने मिळत गेले.

१८८० साली इंग्लंडमध्ये विल्यम सीमेन्स यांनी रॉयल सोसायटीपुढे काही प्रयोग मांडले. त्यांनी मोहरी, गाजर, काकडी अशा रोपांचे चार गट केले होते. एक गट अंधारात, दुसरा फक्त विजेच्या उजेडात, तिसरा फक्त दिवसाच्या उजेडात आणि चौथा दोन्हींत. दिवा १४०० मेणबत्त्यांच्या तेजाचा होता. दोन कार्बन कांड्यांमध्ये विजेचा झोत पेटवणारा हा आर्क दिवा. विजेच्या उजेडात पाने हिरवी होतात, हे सिद्ध झाले. पण दिव्याच्या अगदी समोर असलेली पाने करपल्यासारखी दिसू लागली.

१८९१ साली अमेरिकेत कॉर्नेल येथे लिबर्टी हाइड बेली यांनाही उघड्या आर्क दिव्याजवळची रोपे इजा झालेली आढळली. दिव्यावर काचेचा गोल बसवताच इजा बरीच कमी झाली. आर्क दिव्यातून अतिनील किरण भरपूर निघतात आणि साधी काच त्यांतले बरेचसे अडवते. मात्र हे अर्धेच उत्तर होते. आजच्या साध्या एलईडी दिव्यांतून अतिनील किरण जवळजवळ निघत नाहीत, तरी पाने पांढरी पडू शकतात.

उरलेल्या उत्तराचा एक धागा जर्मनीतील येना येथे होता. १८८३ साली एर्न्स्ट श्टाल यांनी दाखवले, की एकाच जातीच्या झाडाची उन्हातली आणि सावलीतली पाने आतून वेगळी घडलेली असतात. उन्हातले पान जाड असते, त्यात उभ्या खांबांसारख्या पेशींचे थर अधिक भरघोस असतात. सावलीतले पान पातळ असते. म्हणजे पान ज्या उजेडात वाढते, त्याची खूण त्याच्या रचनेत राहते.

१९५६ साली बेसेल कॉक यांनी तीव्र प्रकाशाने प्रकाशसंश्लेषणाची क्षमताच घटते, हे शैवालावर मोजून दाखवले. कारण सरळ आहे. हरितद्रव्य उजेड शोषतच राहते, पण मिळालेली ऊर्जा साखर बनवण्याच्या कामी लावण्याचा वेग मर्यादित असतो. सावलीतल्या पानात तर हा वेग फारच कमी. उरलेल्या ऊर्जेतून ऑक्सिजनची विध्वंसक रूपे तयार होतात आणि प्रकाश पकडणारी यंत्रणाच मोडू लागते.

पण पान असहाय नसते. १९६२ साली यामामोतो व सहकाऱ्यांनी दाखवले, की प्रखर उजेडात व्हायोलाझँथिन या पिवळ्या रंगद्रव्याचे झियाझँथिन बनते आणि उजेड ओसरला की ते उलटे फिरते. हे झियाझँथिन जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपाने सोडून देण्याशी जोडलेले आहे, असे १९८७ साली बार्बारा डेमिग व सहकाऱ्यांनी मांडले. हा बचाव काही मिनिटांत उभा राहतो. मोडलेल्या डी-१ नावाच्या प्रथिनाच्या जागी नवे बसवायला काही तास लागतात. प्रकाश पकडणारी रंगद्रव्ये कमी करून साखर बनवणारी विकरे वाढवायला काही दिवस लागतात. जाड पान मात्र नव्यानेच वाढावे लागते, कारण पूर्ण वाढलेले पातळ पान फारसे जाड होत नाही.

आनुवंशिकतेचीही मर्यादा असते. १९६३ साली स्वीडनमधील ब्यर्कमन आणि होल्मग्रेन यांनी सॉलिडॅगो या वनस्पतीवर प्रयोग केले. उघड्या जागेतून आणलेले प्रकार प्रखर प्रकाशाशी जुळवून घेत, रानातल्या सावलीतले प्रकार तितके जुळवून घेत नसत.

आपल्याकडे ऊतीसंवर्धित केळीची रोपे प्रयोगशाळेतून थेट शेतात लावत नाहीत. आधी हरितगृहात, मग शेडनेटमध्ये ती काटक केली जातात. तिथे कोरडी हवा सोसण्याचाही प्रश्न असतो, पण उजेडाची पायरी तीच.

फसवतात ते आपले डोळे. भर दुपारचे ऊन सुमारे १,००,००० लक्स असते, तर खोलीतला उजेड काही शे लक्स. डोळा दोन्हींशी चटकन जुळवून घेतो, म्हणून हा प्रचंड फरक आपल्याला जाणवत नाही. रोपाला मात्र तो सोसावा लागतो.

वर्गात हे करून पाहता येईल. चवळीची रोपे मंद उजेडात वाढवून त्यांचे तीन गट करावेत. एक गट तिथेच ठेवावा, दुसरा एकदम दिव्याखाली आणावा. तिसऱ्यासाठी दिवा उंच टांगून आठवडाभरात थोडाथोडा खाली आणावा. पाणी आणि माती तिन्हींना सारखीच असावी, दिव्याची उष्णता पानाला जाणवू नये. मग जुन्या आणि नव्या पानांची नोंद वेगवेगळी ठेवावी. डाग पडलेले जुने पान पुन्हा पहिल्यासारखे न झाले, तरी रोप फेकू नये. उजेडाला ते रुळले की नाही, हे पुढचे पान सांगेल.