देवासचे पैसे : थोरली पाती आणि धाकटी पाती

देवासच्या टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा अशा दोन देवी आहेत. भाविक त्यांस थोरली माता आणि धाकटी माता म्हणतात. टेकडीखाली राज्येही दोनच होती. तुकोजीराव व जिवाजीराव या पवार बंधूंपासून थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन घराणी निघाली, आणि १९४८ साली मध्य भारतात विलीन होईपर्यंत ती एकाच नगरीत नांदली. आज टोंकखुर्द हे याच देवास जिल्ह्यातील तहसिलीचे गाव आहे. तेथील असो वा आपल्याकडील असो, देव्हाऱ्याखालच्या डब्यातून किंवा देवळाच्या दानपेटीतून व्हिक्टोरिया राणीचे तांब्याचे पैसे निघाले की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, लाखाचा माल आहे. दुसरा म्हणतो, मोडीत घाला. आम्हांस दोन्ही पक्षांचे म्हणणे पुराव्याविना केलेले वाटते.

जुनेपण म्हणजे दुर्मिळता नव्हे. इंग्रजी अमलातील साधे पाव आणे कोट्यवधी पाडले गेले. त्यांस दीडशे वर्षे झाली तरी त्यांचा तुटवडा नाही. देवासच्या नाण्याची गोष्ट निराळी. १८७६ च्या कायद्याने संस्थानिकांस आपली नाणी सरकारी टांकसाळीत पाडून घेण्याची सोय झाली. अट अशी की, वजन व कस इंग्रजी नाण्याचाच असावा आणि संस्थानाने किमान तीस वर्षे आपली टांकसाळ बंद ठेवावी. थोड्याच संस्थानांनी ही अट पत्करली. धारचे तांबे १८८७ चे, देवासचे १८८८ चे. एका बाजूस राणीचे मुख, दुसरीकडे संस्थानाचे नाव, आणि नावापुढे थोरल्या पातीस ‘एस. बी.’, धाकटीस ‘जे. बी.’ ही इंग्रजी अक्षरे. एवढ्या दोन अक्षरांवर नाण्याचे घराणे ठरते, आणि घासून ती गेली तर संग्राहकाच्या लेखी नाण्याचे निम्मे मोल गेले. गोमंतकातील वाचकांस हा प्रकार अपरिचित नाही. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर राजा लुईशच्या मुद्रेची १८८१ ची रुपये-टांगांची नाणीही कलकत्त्यासच पडली होती.

नाण्यावरील सालावरही आंधळा विश्वास ठेवू नये. १८६२ साल घातलेले रुपये पुढे दशकभर त्याच सालाने पडत राहिले. म्हणजे साल ही नाण्याची साक्ष खरी. परंतु उलटतपासणीवाचून ती ग्राह्य धरता येत नाही. वजन मात्र सहसा खोटे बोलत नाही. पाव आणा १०० ग्रेन, म्हणजे सुमारे साडेसहा ग्रॅम. एक पै त्याच्या तृतीयांश. झिजेने थोडे घटेल, पण ओतीव नकल बहुधा तागडीत पकडली जाते.

मग येते नाण्याची स्थिती. आपल्याकडे दिवाळीस देवाची भांडी उजळताना डब्यातले पैसेही चिंच लावून घासण्याची चाल आहे. शतकभराचा काळसर तपकिरी रंग त्या अर्ध्या घटकेत जातो, आणि चकचकीत पैशाला जाणता गिऱ्हाईक फिरून पाहत नाही. भक्तीच्या दृष्टीने ती सेवा असेल. बाजाराच्या दृष्टीने ती नासाडी होय. घरातील माउलींस हे सांगण्याचे धाडस कोणी करावे, हा प्रश्न आम्ही मोकळाच ठेवतो.

जीर्णोद्धाराचा पाया खणताना नाण्यांचा गडू लागला, तर मात्र गोष्ट खाजगी राहत नाही. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा कलेक्टरास कळवावाच लागतो. मालक न निघाल्यास सापडणाऱ्यास तीन चतुर्थांश व जागेच्या मालकास, म्हणजे येथे देवस्थानास, एक चतुर्थांश मिळतो. सरकारने तो ठेवा स्वतः घ्यायचे ठरविले, तर कायद्याने धरलेली किंमत एवढीच : धातूचे मोल आणि वर त्याचा एक पंचमांश. एस. बी. की जे. बी., हे त्या हिशेबात कोणी विचारीत नाही.