दगडातून तांबं काढून देणारे बॅक्टेरिया : बायोलीचिंग नेमकं असतं काय?

स्पेनच्या दक्षिणेला रिओ तिंतो नावाची नदी आहे. तिचा फोटो पाहिला तर कुणीतरी फिल्टर लावलाय असंच वाटेल, इतकं पाणी लाल. त्या भागात हजारो वर्षं खाणी चालल्या. खाणीतल्या पाण्यात भंगार लोखंड टाकलं की त्यावर तांब्याचा थर चढतो, हे तिथल्या लोकांना माहीत होतं. पण तांबं पाण्यात उतरतं कसं, हे कोडंच होतं.

१९४७ मध्ये अमेरिकेतल्या कोळसा खाणींच्या आम्लयुक्त पाण्यात एक बॅक्टेरिया सापडला. आजचं नाव अ‍ॅसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स. (एका दमात म्हणून दाखवा!)

हा दगड 'खातो' असं म्हणतात, ते तितकंसं खरं नाही. त्याला ऊर्जा मिळते लोह आणि गंधकातून, कार्बन तो हवेतून घेतो. लोहातून ऊर्जा घेताना त्याचं जे रूप तयार होतं, ते खनिजातल्या सल्फाइडवर तुटून पडतं. दगडात अडकलेलं तांबं सुटतं आणि पाण्यात विरघळतं. त्या झटापटीत लोह पुन्हा पहिल्या रूपात येतं, म्हणजे बॅक्टेरियाची पुढची पंगत तयार.

खाणवाले एवढंच करतात : फोडलेल्या खनिजाचा ढीग रचतात, वरून आम्लाचं पाणी ठिबकवतात, खालून हवा सोडतात. खाली जमलेल्या द्रावणातून विजेच्या साहाय्याने शुद्ध तांबं काढतात. भट्टी लागत नाही, त्यामुळे भट्टीत घालायला न परवडणारं हलक्या प्रतीचं खनिजही कामाला येतं. चिलीत असं तांबं काढलं गेलंय. दक्षिण आफ्रिकेच्या फेअरव्ह्यू खाणीत १९८६ पासून सोन्यासाठी हेच जीव राबतात, फक्त तिथे ते सोनं विरघळवत नाहीत, सोन्याभोवतीचं सल्फाइड फोडतात. आपल्याकडे मध्य प्रदेशातल्या मलाजखंडच्या खनिजावर जमशेदपूरच्या राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळेने प्रयोग केलेत.

मग सगळीकडे हेच का नाही? एक तर वेळ. भट्टीचं काम झटपट होतं, ढिगाला महिने, कधी वर्षं लागतात. दुसरी अडचण जास्त गंभीर आहे, ती म्हणजे आम्लाचं पाणी.

फिनलंडच्या तालविवारा खाणीत निकेलसाठी हीच पद्धत वापरली. अभिक्रियेतून इतकी उष्णता निघते की बर्फाळ हिवाळ्यातही ढीग आतून गरम राहतो. पण नोव्हेंबर २०१२ मध्ये तिथला सांडपाण्याचा तलाव गळला आणि निकेल, युरेनियम असलेलं पाणी आसपासच्या जलाशयांत गेलं. दोन वर्षांनी खाण चालवणारी कंपनी दिवाळखोरीत निघाली. २०१५ मध्ये टेराफेम या सरकारी मालकीच्या कंपनीने ती खाण घेतली आणि बॅक्टेरियांना पुन्हा कामाला लावलं.