तोकाईच्या लेबलावरील आकडा

हंगेरीच्या ईशान्येकडील तोकाई प्रदेशातील गोड वाइनच्या लेबलावर ‘असू’ या शब्दासोबत ‘५ पुट्टोन्योश’ किंवा ‘६ पुट्टोन्योश’ असे जे छापलेले असते, ते वाइनचे वय नसून द्राक्षे मोजण्याच्या जुन्या मापाचा अवशेष आहे. बोद्रोग आणि तिसा या नद्यांच्या संगमापाशी शरद ऋतूत दाटणाऱ्या धुक्यामुळे द्राक्षांवर बोट्रायटिस ही बुरशी धरते, मण्यांतील पाणी आटून साखर एकवटते आणि मनुकांसारखे सुकलेले हे मणी, म्हणजेच असू, मजूर एकेक करून वेचतात. पूर्वी ते पुट्टोन्य नावाच्या, सुमारे २५ किलो माल मावणाऱ्या, पाठीवरच्या लाकडी भांड्यात भरत आणि गोंत्सी नावाच्या सुमारे १३६ लिटरच्या पिंपातील वाइनमध्ये अशी जितकी भांडी मिसळली जात, तितका आकडा त्या वाइनला मिळे.

पुढे भांडी मोजणे मागे पडून आकडा साखरेवरून ठरू लागला. २०१३ मध्ये ३ व ४ हे आकडे रद्द होऊन असूसाठी लिटरमागे किमान १२० ग्रॅम साखर आवश्यक झाली, जो बदल ग्राहकाच्या दृष्टीने निःसंशय हितावह ठरतो.

‘तोकाई’ या नावाचे मोल त्याहून जुने आहे, कारण पोर्तुगालच्या दोरु खोऱ्याची सीमा १७५६ मध्ये आखली जाण्यापूर्वीच, १७३७ च्या राजाज्ञेने या प्रदेशाची हद्द ठरली होती. फ्रान्समधील अल्सास व इटलीतील फ्रिउली येथील उत्पादकांना त्याच्याशी मिळतीजुळती नावे २००७ मध्ये कायमची सोडावी लागली.