माशी सुटते की पचते?

साताऱ्यात मी वर्षानुवर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. कीटकभक्षी वनस्पतींच्या तासाला वर्ग कधी पेंगला नाही. लंडनच्या क्यू बागेतही तेच पाहिलं. प्रिन्सेस ऑफ वेल्स काचगृहात पोरं ऑर्किडना ओलांडून थेट या झाडांपाशी जातात. पण ही झाडं खरोखर खातात, हे पटायला युरोपला शंभरेक वर्षं लागली, तेही झाडं डोळ्यांसमोर असताना!

उत्तर कॅरोलिनातली व्हीनस फ्लायट्रॅपची जिवंत रोपं १७६८मध्ये इंग्लंडला पोहोचली. निसर्गअभ्यासक जॉन एलिसनं स्वीडनच्या वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसला कळवलं, की हे पान माशी पकडतं ते पोटासाठी. लिनियसला चमत्कार मान्य, भूक अमान्य. माशीची धडपड थांबली की पान तिला सोडून देतं, असं त्यानं लिहून ठेवलं. एवढ्या मोठ्या माणसानं लिहिल्यावर तपासणार कोण?

तपासलं ते स्वयंपाकघरातल्या जिनसांनी. १८६०च्या उन्हाळ्यात डार्विनला ससेक्सच्या माळावर दवबिंदू, म्हणजे ड्रोसेरा, भेटली आणि त्यानं तिला भाजलेलं मांस, अंड्याचा पांढरा बलक, दूध, काचेचे कण, केसाचे तुकडे असं काय काय दिलं. काचेवरही केसाळ टोकं वाकत, पण पचनाचा रस सुटून विरघळे ते मांस नि अंडं. पाणी टपटपलं तर मात्र ती ढिम्म. पावसाला फसून चालणार नाही ना! क्यूचा संचालक जोसेफ हूकर त्याला झाडं पुरवी. १८७४मध्ये बेलफास्टच्या विज्ञानसभेत हूकरनं स्वतःचे प्रयोग मांडले: घटपर्णीच्या घटात उकडलेल्या अंड्याचे चौकोनी तुकडे टाकले, तर दिवसभरात त्यांच्या कडा विरघळून बुळबुळीत झाल्या. पुढच्या वर्षी डार्विनचं या झाडांवरचं पुस्तक आलं. तरी शंका उरलीच: या खाण्याचा झाडाला उपयोग काय? मुलगा फ्रान्सिसनं १८७८मध्ये उत्तर दिलं. एकाच थाळीतल्या निम्म्या दवबिंदूंना त्यानं मांस भरवलं, निम्म्यांना उपाशी ठेवलं. भरवलेल्यांना जवळपास अडीच पट बिया आल्या. माझ्या मते सगळ्या वादातला हा सर्वांत सुंदर प्रयोग, आणि पाठ्यपुस्तकांत त्याला ओळभरही जागा नाही.

आपल्या कासच्या सड्यावर माती पातळ, नत्र तुटपुंजं. म्हणून तिथे दवबिंदूही आहे आणि सीतेची आसवंही. लोक त्या निळ्या-जांभळ्या फुलांचे फोटो काढतात. सापळे असतात खाली ओल्या मातीत, टाचणीच्या डोक्याएवढ्या फुग्यांचे. याच कुळानं डार्विनला चकवलं. न्यू जर्सीच्या निसर्गअभ्यासक मेरी ट्रीटनं बारीक जीव फुग्यात शिरताना इतर कुणाहीपेक्षा जास्त वेळा पाहिले, हे त्यानं मोकळेपणानं नोंदवलं. पण ते डोक्यानं दार ढकलून आत घुसतात, असंच तो धरून चालला. फुगा त्यांना पाण्यासकट आत ओढतो, हे विसाव्या शतकात समजलं; आणि तेही सेकंदाच्या हजाराव्या भागात, हे तर एकविसाव्या शतकात.