दंगेखोर कुणबी, दरोडेखोर रामोशी : इंग्रजी लेखणीतील भीमथडी

बारामती आणि सुपे ज्या भीमथडी तालुक्यात मोडत असत तो मुलूख व त्याला लागून असलेले इंदापूर यांविषयी एकोणिसाव्या शतकात जे इंग्रजी लेखन झाले, त्यात कायदा मोडणारा माणूस कोणत्या जातीचा आहे, यावर त्याचे चित्रण बरेचसे ठरत असे.

या लेखनाचा आरंभ शेजारच्या पुरंदरात सापडतो. तिथले रामोशी बंडखोर उमाजी नाईक यांना ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी झाली आणि पुढच्याच वर्षी, त्यांच्या पाठलागावर असलेला कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश याचे रामोशांवरील पुस्तक मुंबईत प्रसिद्ध झाले. विलायतेत त्या सुमारास ‘न्यूगेट कादंबरी’, म्हणजे लंडनच्या तुरुंगाचे नाव लाभलेली व गुन्हेगारालाच नायक करणारी कादंबरी, जोरात होती. बुलवर-लिटनची ‘पॉल क्लिफर्ड’ १८३० ची. मॅकिंटॉश सरकारी अधिकारी होता, तरीही उमाजींपुढे शिवाजी महाराजांचा आदर्श असल्याचे त्याने नमूद केले, आणि त्याच्या पुस्तकातला बंडखोर निदान नाव, स्वभाव व महत्त्वाकांक्षा असलेला माणूस राहिला.

पुढे तो माणूस पुसला जाऊन जमात तेवढी उरली. वास्तविक रामोशी हा गावचा रखवालदार : चोरी झाली की पावलांचा माग काढत जायचे, तो शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत पोहोचवायचा, आणि हे न जमल्यास नुकसान भरून द्यायचे, अशी त्याची जबाबदारी असे. राखणदार आणि चोर या दोन्ही भूमिका एकाच जमातीवर लादून इंग्रजी दप्तराने दुसरीच तिचा स्वभाव म्हणून पक्की केली.

१२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात जे घडले त्याच्या वर्णनाचा सूर मात्र वेगळा आहे. गुजर सावकारांची दुकाने लुटली गेली, तरी दंगा करणाऱ्या कुणबी शेतकऱ्यांचा खरा रोख कर्जखतांवर होता. सावकाराने कागद मुकाट्याने दिले तर मारहाण सहसा होत नसे, हे या दंग्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने आवर्जून लिहिले. गोल्डस्मिड व विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३६ मध्ये इंदापुरातच बसवलेल्या जमीनमहसूल पद्धतीची तीस वर्षांची मुदत संपताच १८६७ पासून सारा वाढला, अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव कोसळले, सावकारांनी हात आखडता घेतला. आयोगाने ही कारणे तपासली, म्हणजे कुणब्याच्या गुन्ह्याला इतिहास दिला. रामोशाच्या गुन्ह्यालाही इनामे व हक्क बुडाल्याचा इतिहास होता, पण १८३३ नंतर त्याची अशी विचारपूस क्वचितच झाली.

दोघांच्या वाट्याला आलेले कायदेही त्यानुसारच वेगळे. शेतकऱ्यांसाठी १८७९ मध्ये दख्खन शेतकरी संरक्षण कायदा झाला, तर जन्मावरून गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ च्या सुधारणेनंतर मुंबई इलाख्यातही लागू होऊ शकला आणि १९५२ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत रामोशी आजही आहेत.