कान्हेरीला आलेले पाहुणे

ऑनसाइटवरून परतलेला जो तो उन्हाळ्यातलं पॅरिस सांगतो. लूव्रची रांग, सीनच्या काठावरची संध्याकाळ, रात्री साडेनऊपर्यंत रेंगाळणारा उजेड. ऐकायला छान वाटतं. पण "आपल्या उपनगरांत बघायला आहे काय, मॉल?" हे पुढचं वाक्य आलं की मी बोरिवलीचं नाव काढतो.

नॅशनल पार्कच्या गेटपासून सहा-सात किलोमीटर आत कान्हेरी. शंभरावर लेणी, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास सुरू होऊन पुढे हजारेक वर्षं वाढत गेलेली. मे महिन्यात सकाळी लवकर जावं (सोमवारी बंद असतं बरं का). पायऱ्या चढताना घामाच्या धारा लागतात, पण कातळाच्या पोटात शिरलं की गार. लेण्यांपाशी पाण्याची टाकी आहेत, शिलालेखांत त्यांना पोढी म्हटलंय. पावसाचं पाणी कातळात खोदलेल्या पन्हळींतून त्यांत येतं. पैसे दिले कोणी? कल्याणच्या, सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी. म्हणजे आपल्या लोकलच्या नकाशावरचेच लोक!

पण मला सगळ्यात आवडतं ते ९० नंबरचं लेणं. तिथे पहलवी लिपीत काही मजकूर कोरलाय. इ.स. १००९ मध्ये पारशी मंडळी इथे आली, आपली आणि वडिलांची नावं, दिवस, महिना, साल लिहून गेली. १०२१ मध्येही कोणी आले, त्यांनीही लिहिलं. ना दान, ना राजाची आज्ञा. आम्ही आलो, पाहिलं, एवढंच. सहलच की ही!

आणि याच सहलीला इतिहासात फार मोठी किंमत आहे. पारशी संजाणला कसे उतरले ती दुधात साखरेची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो, पण 'किस्सा-ए-संजाण' हे काव्य लिहिलं गेलं ते १६०० च्या आसपास. कान्हेरीचा कातळ त्याच्या जवळजवळ सहाशे वर्षं आधीचा, आणि त्यावर चक्क तारीख आहे.

गंमत म्हणजे १७६० मध्ये एक पॅरिसकर इथे येऊन गेला. आंकेतिल-द्युपेराँ. पारशांचे धर्मग्रंथ शिकायचे म्हणून फ्रेंच कंपनीच्या फौजेत भरती होऊन हा पोरगा भारतात आला आणि सुरतेच्या दस्तुरांकडे शिकला. परत जायच्या आधी त्याने साष्टीतली लेणी पायाखाली घातली. त्याचा अवेस्ताचा अनुवाद १७७१ मध्ये पॅरिसला छापून निघाला. त्याने नेलेल्या पोथ्या तिथल्या राजाच्या ग्रंथालयात गेल्या. तेव्हा पॅरिसला गेलात तर त्या शहरातही थोडं सुरत आहे, हे लक्षात असू द्या.

९० नंबरचा मजकूर मात्र लागला तो एका इंजिनियरमुळे. (इथे माझी कॉलर जरा ताठ होते!) एडवर्ड वेस्ट, जीआयपी रेल्वेत होता, पुढे तिथला चीफ इंजिनियर झाला. कामातून सवड काढून लेणी हिंडायचा आणि शिलालेखांचे ठसे घ्यायचा. कान्हेरीची अक्षरं वाचायची तर पहलवी हवी, म्हणून तो पहलवीच्या मागे लागला आणि त्यातच बुडाला. मॅक्स म्युलरच्या ग्रंथमालेत त्याचे पहलवी अनुवादांचे पाच खंड आहेत, १८८० ते १८९७. वीकएंडचा छंद म्हणतात तो असा.

आता एक अडचणीचा प्रश्न. कान्हेरीच्या भिंतींवर आजही बदाम आणि नावं खरवडलेली दिसतात. २०१० च्या दुरुस्तीनंतर कायद्यात याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे, आणि ते योग्यच आहे. मग १००९ च्या पारशांचं काय? त्यांनी वेगळं काय केलं? हजार वर्षं जुनं झालं की खरवडणं पुरावा होतं, हे उत्तर माझ्या गळी पूर्ण उतरत नाही. पण ती नावं पुसून टाका असंही मी म्हणणार नाही. आपलं नाव लिहायचंच असेल तर गेटवर तिकिटाच्या मागे लिहावं.

पाणी मात्र घरून न्या, पोढीतलं पिऊ नका. आणि माकडांसमोर डबा उघडू नका.